दोन काटे, एकच डबा

सोमवार, २२ सप्टेंबर

आज कारापूरच्या खनिजाच्या प्लॉटवर आमचे डबे बसले. दोन्ही. इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं होतं, पण ते ऑफिसच्या रिपोर्टसारखं वाटायला लागलं. म्हणून मराठीत. स्पेलिंग चुकेल तर चुकू दे, कोण वाचतंय.

डबे म्हणजे विनिताताईच्या कंपनीचे. कंपनी हा जरा मोठा शब्द झाला. पेडण्याच्या बाजारात पोदेराच्या दुकानावर एक खोली, एक लांब मेज, दोन लॅपटॉप, विनिताताई आणि मी. सकाळभर खालून गरम पावांचा वास येतो आणि अकरापर्यंत काहीच सुचत नाही.

डब्याचं काम तसं सोपं. खनिजाचा टिपर वजनकाट्यावर चढला की काट्याचं मशीन वायरवरून वजन पाठवतं. डबा ते वाचतो आणि पावती छापतो. पावतीशिवाय ट्रकला गेटबाहेर सोडत नाहीत. प्लॉटवर दोन काटे आहेत. आत येताना रिकाम्या ट्रकचं वजन, बाहेर जाताना भरलेल्याचं. वजाबाकी केली की माल किती ते कळतं. आतला काटा जुना आहे, तो किलोमध्ये पूर्ण आकडा पाठवतो. बाहेरचा नवा, तो टनांत, पॉइंट देऊन.

प्रोग्राम पूर्ण माझा. सी प्लस प्लस, आणि सगळीकडे टेम्प्लेट. टेम्प्लेट म्हणजे ब्लाउजच्या कटिंगचा कागद. कागद एकच, कापड कुठलंही घ्या. मी एकाच कागदावरून दोन प्रोग्राम कापले, एक पूर्ण आकड्यांचा, एक पॉइंटवाल्या आकड्यांचा, आणि एकेका डब्यात एकेक घातला. इतकं क्लीन झालंय की मीच चार वेळा उघडून वाचलं.

विनिताताई म्हणाली, "आणि उद्या काट्याचं मशीन बदललं तर?"

"परत कंपाइल करायचं. दोन मिनिटं."

ती चहा ढवळत राहिली. साखर घालायची विसरली होती बहुतेक.

हा प्लॉट आम्हाला बाबांमुळे मिळाला. बाबा तिथेच टिपर चालवतात. गुरुदासबाब म्हणून सुपरवायझर आहेत, त्यांना बाबांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं, "माझ्या चेडवाचो डबो एकदा लावन बघा. चललो नाय तर माका विचारा." दोडामार्गहून इकडे आल्यापासून बाबांनी कोणासाठी असा शब्द टाकलेला मला आठवत नाही. मी म्हटलं, बाबा, एवढं कशाला? तर म्हणाले, "तुझो डबो चलता मा? मग झाला."

मी म्हटलं, चलता.

शनिवार, २७ सप्टेंबर

ट्रायलला चार ट्रक सोडले. पावत्या बरोबर. श्रीनाथ काट्यावर बसतो, इतके दिवस तोच हाताने वजनं लिहायचा. तो म्हणाला, "हर्षा, आता मी काय करू, झोपू?" मी म्हटलं, झोप. सीझन खरा तेरा तारखेला सुरू होणार, तोवर असेच थोडे थोडे ट्रक.

बाबांनी आपली पावती खिशात घातली. घरी आल्यावर आईला दाखवली असं आई म्हणाली. मला नाही दाखवली. मीच बनवलीय म्हणून असेल.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

बाबांबरोबर प्लॉटवर गेले. सगळे टिपर धुऊन ओळीने उभे, बंपरला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या पिवळ्या माळा. ऑफिसच्या मेजावर लाल कपडा घालून पाने, जॅक, ग्रीसगन, श्रीनाथचा कॅल्क्युलेटर असं सगळं पूजेला मांडलं होतं. आणि मध्ये माझे दोन डबे. श्रीनाथने काट्यांवरून काढून आणून, पुसून ठेवलेले, झाकणांवर कुंकू.

मला इतकं बरं वाटलं की दहा फोटो काढले. विनिताताईला पाठवले. तिने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "परत लावणार कोण?"

मी लिहिलं, श्रीनाथ, त्याला दोन वायरी लावायच्या फक्त.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नीट लिहिते.

पेडण्याला पोचून हेल्मेट काढते तोच श्रीनाथचा फोन. "हर्षा, रघुनाथकाकांच्या टिपराचं वजन नऊ हजार आठशे साठ."

"बाबांच्या? बरोबर आहे की. रिकामा आहे ना?"

"किलो नाही गो. टन."

मागून कोणीतरी हसत होतं. मग श्रीनाथ म्हणाला, बाहेर निघालेल्या ट्रकची पावती आलीय, खनिज भरलेला ट्रक, वजन पंचवीस किलो.

म्हणजे रिकामा टिपर डोंगराएवढा आणि भरलेला तांदळाच्या पोत्याएवढा. वजाबाकी केली तर माल शून्याच्या खाली. गेट बंद. आत ट्रक अडकले, बाहेर रस्त्यापर्यंत लाइन. मी लॅपटॉप उघडून वेड्यासारखी कोड वाचत बसले. कोड बरोबर होता. तेच जास्त भीतीचं होतं. परवा चालत होतं ते आज का नाही? मी श्रीनाथला बंद करून चालू करायला लावलं. मग वायर बदलायला लावली. मग प्रिंटर. लाइनमधले हॉर्न फोनमधून ऐकू येत होते.

विनिताताई आली, चप्पल काढता काढता तिने विचारलं, "काल पूजेहून डबे परत लावले ना? कुठला कुठे?"

दोन्ही डबे दिसायला एकच. श्रीनाथने अदलाबदल केली होती. जुन्या काट्याला पॉइंटवाला डबा लागला, त्याने किलोंना टन समजून घेतलं. नव्या काट्याला पूर्ण आकड्यांचा डबा, त्याने पॉइंटपुढचं सगळं टाकून दिलं आणि टनांना किलो म्हटलं. डबे फिरवले, मिनिटात चालू. पण तोवर दुपार झाली होती.

मग गुरुदासबाबनी स्वतः फोन घेतला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.

"बाय, माझी माणसं दर वर्षी पूजा करतात. पुढच्या वर्षीही करणार. सामान काढणार, पुसणार, परत लावणार. दोन डबे एकसारखे दिसतात तर एकसारखे चालत का नाहीत?"

मी म्हटलं, "आम्ही वर स्टिकर लावतो, लाल आणि निळा."

"इथे धुळीत माणसाचा रंग कळत नाही, तुझा स्टिकर कसा कळणार? सोमवारी तेराला सीझन सुरू. त्या दिवशी मी स्वतः डबे अदलून बदलून लावून बघणार. चालले तर राहू देत. नाहीतर घेऊन जा आणि तुझ्या बापालाही सांग."

फोन ठेवल्यावर विनिताताई म्हणाली, "स्टिकर लावला असता तर चूक त्यांच्या डोक्यावर गेली असती, एवढंच. डबा आपला आहे."

संध्याकाळी बाबांना विचारलं, ड्रायव्हर लोक काही बोलले का? "कोण काय बोलता? गरम व्हता, बस." आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मग आईकडून कळलं, एक जण त्यांना म्हणाला, रघुनाथ, नऊ हजार टनाची गाडी हाकतोस, रस्त्याक भोक पडात मरे.

मला हसू आलं. आई हसली नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

प्रॉब्लेम कळला की अर्धं काम झालं असं मला वाटायचं. प्रॉब्लेम असा. टेम्प्लेटमध्ये कुठला काटा आहे ते मी पेडण्याला, कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम डब्यात घालायच्या आधीच ठरवते. गुरुदासबाबना पाहिजे ते प्लॉटवर, डबा चालू असताना ठरायला. ह्याला रनटाइम पॉलिमॉर्फिझम म्हणतात, कॉलेजात ह्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा आणि मी कायम प्राण्यांचं उदाहरण लिहायचे. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, दोघांना 'आवाज कर' एवढंच सांगायचं. कोण कसा आवाज करतो ते आयत्या वेळी ठरतं. त्यासाठी फंक्शन व्हर्च्युअल करायचं.

मग काय, माझ्या टेम्प्लेट फंक्शनला व्हर्च्युअल लावलं. कंपायलर म्हणाला, टेम्प्लेट फंक्शन व्हर्च्युअल होऊ शकत नाही. मी पाच वेगळ्या जागी लावून बघितलं. पाच वेळा तेच.

विनिताताईला विचारलं, का नाही? ती म्हणाली, "व्हर्च्युअलला आधी यादी लागते, कुठली कुठली फंक्शनं आहेत त्याची. टेम्प्लेट म्हणतं, कितीही होतील, मागाल तशी कापीन. यादी कशी करणार?" एवढं बोलून म्हापशाला निघून गेली. मला वाटलं जरा बसून सांगेल. तिला हल्ली माझ्या कामात इंटरेस्टच नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

टेम्प्लेट काढून टाकलं. रडायला येत होतं. जुन्या काट्याचा एक क्लास, म्हणजे कोडचा गठ्ठा, नव्याचा दुसरा, दोन्ही एका बेस क्लासखाली, व्हर्च्युअल लावून. चाललं. पण सगळं दोन दोनदा लिहिलेलं. सरासरी काढायची, हलणारं वजन स्थिर व्हायची वाट बघायची, ट्रकचं चाक काट्याबाहेर राहिलं तर ओळखायचं, सगळं दोनदा. एका ठिकाणी चूक सुधारली, दुसऱ्या ठिकाणी विसरले. तीही विनिताताईला सापडली, मला नाही.

"चालतंय पण," मी म्हटलं.

"चालतंय. जानेवारीत तिसरा काटा येतोय म्हणतात. तिसऱ्यांदा लिही."

मला खूप राग आला. खाली जाऊन पोदेराकडून दोन उंडे पाव घेतले आणि नुसतेच खाल्ले. मनात आलं, सोडून द्यावं सगळं, बाबांनी कोणाला काय सांगितलं ते माझ्या डोक्यावर का? मग स्वतःचीच लाज वाटली. मीच त्यांना चलता म्हटलं होतं.

बाबा आज लवकर गेले आणि उशिरा आले. दिवसाला ट्रकच्या आठच फेऱ्या सोडतात म्हणे, मग एवढा वेळ काय करतात कोण जाणे. शर्टाच्या खिशाला निळी शाई लागली होती. आई घासत बसली होती साबू घेऊन.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

झालं. म्हणजे डोक्यात झालं.

सकाळी स्कूटरवर, अस्नोड्याच्या पुढे, एकदम. मी स्वतःला सारखी विचारत होते, टेम्प्लेट ठेवू की व्हर्च्युअल. दोन्हीपैकी एक निवडायला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाहेरचा चेहरा साधा ठेवायचा. 'काटा' नावाचा बेस क्लास, त्याला टेम्प्लेट बिम्प्लेट काही नाही, एकच व्हर्च्युअल फंक्शन: वजन सांग, किलोत. प्रिंटरला, पावतीला, सगळ्या बाकीच्या प्रोग्रामला फक्त हा चेहरा माहीत. आणि त्याच्या खाली, आतल्या बाजूला, माझं टेम्प्लेट, जे ह्या बेस क्लासपासून निघतं. क्लास टेम्प्लेट, फंक्शन नाही. त्यातलं फंक्शन व्हर्च्युअल असायला कंपायलरची काही हरकत नाही. कागद एकच राहिला, कपडे दोन कापले, तिसरा लागला तर एक ओळ. आणि कुठला घालायचा ते डबा स्वतः ठरवणार. चालू झाल्यावर आधी काही सेकंद वायर ऐकायची. आकड्यात पॉइंट दिसला तर नवा काटा, नाही दिसला तर जुना.

रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून फोनवर बोलून रेकॉर्ड केलं, विसरेन म्हणून. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने विचारलं, पेट्रोल संपलं काय गो?

विनिताताईला सांगितलं तर ती हसली. "बस लिहायला." तिला आधी सुचलं असतं तर किती दिवस वाचले असते असं मनात आलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शून्य. सगळ्या ट्रकांचं वजन शून्य.

लिहून झालं, सुंदर दिसत होतं, मेजावर खोटा काटा जोडला, दहा टन पाठवले, पावतीवर शून्य. पंचवीस टन, शून्य. सोमवार समोर आणि सगळं शून्य.

दुपारपर्यंत सापडलं नाही. मग विनिताताईने माझी खुर्ची बाजूला सरकवली आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. "इथे तू काटा कशात ठेवतेस?"

मी तो बेस क्लासच्या खणात ठेवला होता. आख्खी वस्तू. आणि खण फक्त चेहऱ्याएवढा. आतलं टेम्प्लेटवालं सगळं बाहेर राहिलं, कापून टाकलं. ह्याला स्लायसिंग म्हणतात. चेहरा उरला, आणि चेहऱ्याला वजन विचारलं की तो शून्य सांगतो, कारण मीच 'सेफ्टी' म्हणून तिथे शून्य लिहून ठेवलं होतं. ते लिहिलं नसतं तर कंपायलरनेच मला तिथल्या तिथे अडवलं असतं.

शून्य काढलं. खणात वस्तू नाही, तिचा पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता ठेवला. दहा टन पाठवले. ९९९९ आणि मग १०००० किलो, स्थिर. मी गॅलरीत गेले आणि परत आले.

विनिताताई म्हणाली, "आता जेवू या काय? भूक मेली माझी."

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी जाग आली तीच एका प्रश्नाने. डबा चालू होताना वायर ऐकतो. पण कोणी डबा बंद न करताच नुसती काट्याची वायर काढून दुसऱ्याची लावली तर? तो जुन्यालाच धरून बसेल. परत नऊ हजार टन. गुरुदासबाब बटण बंद करतील कशावरून?

घरूनच केलं. वायर गप्प झाली की डब्याने आधीचा काटा सोडून द्यायचा आणि परत ऐकायला बसायचं. नवी वस्तू, नवा पॉइंटर, बाकी कशाला हात नाही. चेहरा तोच असल्याने पावतीला कळतही नाही की आत कोण बदललं. हे लिहिताना पहिल्यांदा मला हे शिकल्यासारखं वाटलं.

बाबा रविवार असून प्लॉटवर गेले. "टायर बघूचो असा." आईने विचारलं, टायर बघायला धुतलेला शर्ट कशाला? ते म्हणाले, "असो तो घातलंय." जाताना मला विचारलं, "उद्या?" मी म्हटलं, हो, होईल. त्यांनी मान हलवली. आणखी काहीतरी विचारतील असं वाटलं, पण चप्पल घालून गेले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सगळं लिहायचंय, क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर विनिताताई आणि मी पोचलो. श्रीनाथच्या मेजावर हाताने लिहिलेल्या वजनांचे कागद होते, अर्धे त्याच्या अक्षरात, अर्धे निळ्या शाईत दुसऱ्या कोणाच्या. म्हणाला, त्या शुक्रवारपासून कोणाचाच भरवसा नव्हता, म्हणून डबा छापायचा आणि आम्ही बाजूला लिहून ताडून बघायचो. "आम्ही म्हणजे?" तर म्हणाला, "होते एक. रांगेत बसून काय करायचं म्हणत होते." तेवढ्यात गुरुदासबाब आले, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

"काय बाय, झोपलीस काय?" मला म्हणाले. मग विनिताताईला, "हिच्या बापाने काल माझा अख्खा रविवार खाल्ला. दोनदा चहा पाजला. टपरीवरचा, दुधाचा, जो मला चालत नाही." मला कळेना टायर बघायला गेलेले बाबा ह्यांना चहा कशाला पाजत होते. असेल काही काम.

ड्रायव्हर उतरून जमले होते. बाबा मागे, ट्रकच्या सावलीत. माझ्याकडे बघत नव्हते.

गुरुदासबाबनी आधी डबे अदलाबदल करून लावले. जुन्या काट्यावर रिकामा ट्रक चढला. डबा ऐकत राहिला. ते सेकंद मला मोजता आले नाहीत. पावती: ९७४० किलो. बाहेरच्या काट्यावर भरलेला ट्रक: २५३६० किलो. श्रीनाथने काट्याच्या लाल आकड्यांशी ताडून बघितलं आणि नुसती मान हलवून होकार दिला.

"परत," गुरुदासबाब म्हणाले. परत फिरवले. परत बरोबर.

मग त्यांनी जे केलं ते बघून विनिताताईने माझा दंड धरला. डबा चालू, दिवा लागलेला, आणि त्यांनी आतल्या काट्याची वायर खेचून काढली, श्रीनाथला दोन्ही काट्यांच्या लांब वायरी केबिनमध्ये आणायला लावल्या आणि दुसऱ्या काट्याची त्याच डब्यात घातली. बटणाला हात नाही. "हे माझे लोक करणार," म्हणाले. "बटण कोण बंद करतो?"

दिवा विझला. लागला. पावती आली. बरोबर.

मागून कोणीतरी म्हणालं, "रघुनाथ, चेडू तुझा हुशार मरे." बाबा म्हणाले, "कंपनीचो डबो तो. ती नोकरी करता थय." आणि ट्रकमध्ये चढले, कारण त्यांचा नंबर आला होता.

गुरुदासबाबनी हाताने लिहिलेले कागद उचलले आणि श्रीनाथला दिले, "हे आता बंद." आम्हाला म्हणाले, "राहू देत. तिसऱ्या काट्याला पण हाच लावा." बस्स, एवढंच. विनिताताई स्कूटरपाशी आल्यावर म्हणाली, "शून्य लिहिणारी पोरगी आता डोक्यात राहील माझ्या." आणि पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की चष्मा खाली आला. मग म्हणाली, आज पेडण्याला येऊ नकोस, घरी जा. मी विचारलं, तुम्हाला चेहऱ्याची आयडिया आधीच माहीत होती काय? ती हेल्मेट घालत होती, बहुतेक ऐकू आलं नाही.

बाबा तीनच्या सुमारास घरी आले. सीझनच्या पहिल्या दिवशी एवढ्या लवकर कधी येत नाहीत. मी आत चहा टाकायला गेले, त्यांना सगळं सांगायचं होतं, शून्य, स्लायसिंग, अस्नोड्याचा रिक्षावाला. चहा घेऊन आले तर व्हरांड्यातल्या खुर्चीवर गाढ झोपलेले. एक बूट काढलेला, दुसरा पायातच, हात बुटाच्या नाडीवर तसाच.

मी हाक मारणार होते. आईने मानेनेच नको म्हटलं. "आठवडाभर पाठ टेकली नाही त्यांनी," ती हळू म्हणाली.

दुसरा बूट आम्ही दोघींनी मिळून काढला. तरी त्यांची झोप मोडली नाही.